ताट कोणी घासलं?

३ एप्रिल, परळी

न्हाई, आधी तू गप बस! वही हायस म्हणून असं कोऱ्या तोंडानं बघू नको माझ्याकडं. 'नऊ नंबरचं फाटक' मालिकेचा शेवट भारीच हाय!

सगळ्या भागांत त्या सटवानं माणसं मारली. कडूबाईच्या नवऱ्याला रुळावर टाकलं. आणि शेवटी तिच्याच उंबऱ्यावर येऊन बसतो. माफी न्हाई, रडणं न्हाई. ती आतून भाकरीचं ताट आणून ठेवते. तो जेवतो, उठतो, पोलीस चौकीकडं चालायला लागतो. पडद्यावर नुसतं उष्टं ताट. मग अंधार.

असं एक पान मला लिहिता आलं तर बाकीची सगळी फाडून टाकीन.

मुनिरा शेजारी बसून बघत होती. कॉलेजपासूनची मैत्रीण, पण काळीज दगडाचं! मी म्हणले, "धुऊन निघाला गं तो."

"तो निघाला. ताट कोणी घासलं?"

४ एप्रिल

ताटाचं काय घेऊन बसली!

७ एप्रिल

माझं लग्न जवळ आलं. आईचं एकच — "माइकवर 'मुलीचे मामा, मुलीला घेऊन या' म्हणले की उठणार कोण? मंगलाष्टकाला तुझ्या पाठीशी कोण?"

अमरसिंहमामा. आईचा एकुलता भाऊ. त्यांनी सत्यशीलामामीचं मनगट मोडलं, तवापासून मामी नेकनूरला माहेरी. तिचा निरोप आलाय — तो पाठीशी असला तर मी येणार न्हाई.

पण मामा बदलले की! दारू सोडली. हळू बोलतात. दर सोमवारी वैजनाथाला जातात. माणूस बदलूच शकत न्हाई का?

आणि मामीशिवाय लग्न? मी लिहिलेलं पहिल्यांदा तीच वाचते. "काय कळलं न्हाई बाई" म्हणते आणि परत पहिल्यापासून वाचते.

मामीला तो शेवट दाखवायचा. ठरलं.

१० एप्रिल, नेकनूरहून येताना, एसटीत

अक्षर हलतंय. हलू दे.

साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवला. सटवा कोण, कडूबाई कोण, आधीच सांगितलं. मामी पापणी न हलवता बघत होती. ताट दिसलं, अंधार झाला. म्हणली, "लई भारी केलंय गं."

जिंकले! 'मामी, मामांना बी...' हे वाक्य जिभेवर तयार. बंद करायला हात पुढं केला.

"थांब की. अजून आवाज येतोय."

नावं चालू झाली की मी दर वेळी बंद करते. कोण बघतं नावं? तिला ते ठाऊकच न्हाई. ती बघत बसली. काळ्या पडद्यावर नावं सरकतायत आणि मागं — करकर, करकर. राख. काथ्या. ताट घासल्याचा आवाज. शेवटचं नाव जाईपर्यंत थांबत न्हाई!

मामीनं उठून आमच्या कपबशा घेतल्या. डाव्या मनगटात जोर न्हाई, म्हणून कप पोटाशी दाबून एका हातानं विसळला.

माझं वाक्य जिभेवरच राहिलं.

मालिका करणाऱ्याला सगळं ठाऊक होतं! सटवाला जेवू बी घातलं, आणि ताट बी आपल्या पुढ्यात टाकून गेला. मला वाटला त्याच्यापेक्षा लई मोठा शेवट हाय हा.

११ एप्रिल

मुनिराला सांगितलं न्हाई. माजंल.

१२ एप्रिल

मामीला फोन केला. एकच विचारलं. मामी म्हणली, "हिरवं लुगडं नेसू का?"

१३ एप्रिल

मामा आलते. "वैष्णवे, फेटा कोणत्या रंगाचा घेऊ?"

"कोणताबी घ्या, मामा. पाठीशी मामी उभी राहणार हाय. तुमी जेवायला या. जेवलं की आपलं ताट आपण घासायचं."

मामांनी तोंड उघडलं. आई चुलीपासून वळली. मी चप्पल घातली.

वही, तुला बी काय म्हणायचं असंल ते राहू दे. माइकवाल्याकडं चालले — 'मुलीच्या मामी, मुलीला घेऊन या' म्हण, असं त्याला सांगायला.