सहा बायका आणि सातवी खूण

ब्लडवुड बोअर,
मंगळवार, ४ जून २०१९, सकाळी ७ वाजून १० मिनिटं. कॅनव्हासवरच्या बायका मोजत होतो.

ती. मर्टलआत्यास, डेरिकचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, लेटिशाच्या आईंचा मोठा कॅनव्हास मागच्या विमानानं सुखरूप पोचला. फोनच करणार होतो, पण डायलिसिसच्या वेळी त्या तुझ्या शेजारच्याच खुर्चीत असतात आणि तुझा फोन किती मोठ्यानं बोलतो ते मला ठाऊक आहे. जावयानं सासूशी बोलायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही, तिचं नाव घ्यायचं नाही, ही आपली रीत; माझा आवाज सासूच्या कानी गेला तर मी तोंड कुठे लपवू? म्हणून पत्र. तू मोठ्यानं वाचलंस तर तो आवाज तुझा, त्याला हरकत नाही.

बेव्हर्लीबाईंचा गुडघा अजून बरा नाही, त्यामुळे चित्रकेंद्राचं सगळं माझ्यावर आलं आहे. शुक्रवारी १४ तारखेला मेलबर्नहून हॅलोरन नावाचे संग्राहक येणार आहेत. त्यांच्या घरी एकेचाळीस अस्सल चित्रं आहेत आणि प्रत्येकाचा दाखला त्यांनी भिंग लावून वाचलेला आहे, असं बेव्हर्लीबाईंनी मला दोनदा सांगितलं. दाखल्यात एक गोष्ट खोटी निघाली तर ते चहासुद्धा न पिता परत जातात म्हणे. चित्राची किंमत चोवीस हजार डॉलर. त्यातले साठ टक्के लेटिशाच्या आईंचे, म्हणजे चौदा हजार चारशे. शहरात त्यांनी बघून ठेवलेली जुनी टोयोटा चौदा हजारांना आहे. शुक्रवारचं मशीन संपलं की गाडीत बसायचं आणि सोमवारच्या मशीनपर्यंत घरी राहायचं, असा त्यांचा बेत आहे. चित्र गेलं नाही तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर घर नाही. हे ओझं घेऊन मी रोज जेवायला बसतो.

दाखल्यावर त्यांचं नाव मला लिहिता येत नाही, ते लेटिशानं लिहिलं. त्यांचा फोटो मी डोळे मिटून चिकटवला. लेटिशा म्हणते उलटा लागलाय. तो पुन्हा काढीन, अर्थात डोळे मिटूनच.

आता खरी अडचण. दाखल्यात चित्राची गोष्ट लिहायची आहे. बसलेल्या माणसांच्या नालासारख्या खुणा मी चार वेळा मोजल्या. शेकोटीभोवती सहा, प्रत्येकीशेजारी खणायची काठी आणि लाकडी पाळं. पण खाली उजव्या कोपऱ्यात सातवी आहे. तिची सगळ्यांकडे पाठ. काठी नाही, पाळं नाही. शेजारी एक बारीक रेघ आणि पुढ्यात एवढासा पांढरा चौकोन. बायका नक्की किती, ते विचारून कळव. मला झोप नाही.

तुझ्या खुर्चीपासून इथवर पुरेल एवढी माया असू दे.

तुझा,
डेरिक


अॅलिस स्प्रिंग्ज,
बुधवार, ५ जून

चि. डेरिकास मर्टलआत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र मशीन चालू असताना मोठ्यानं वाचलं. तुझी सासू शेजारीच होती. पहिल्या ओळीलाच तिनं पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. पण ते हलत होतं. उलट्या फोटोपाशी इतकं हललं की नर्स धावत आली, म्हणाली, नळी निघाली की काय.

गोष्ट अशी लिही. पाऊस होऊन गेल्यावर बायका रानात कंद खणायला गेल्या. लाकडी पाळी कंदांनी भरली तेव्हा शेकोटी करून बसल्या, आणि भाजलेले निम्मे कंद तिथेच संपवून घरी सांगितलं की यंदा फारसं मिळालं नाही. ती, तिच्या तिघी बहिणी, मी आणि फ्रॉकातली लेटिशा. मला सगळ्यांत बारीक काढलंय. ते खरं आहे असं दाखल्यात नोंदव.

सातव्या खुणेचं विचारलं, तर ती मशीनकडे तोंड करून म्हणाली, बायका सहाच. मी पुन्हा खोदून विचारलं. तर मशीनला म्हणते, या मर्टलला सांग, बायका सहाच होत्या आणि सहाच राहतील. आणि पांघरूण परत डोक्यावर. आता यावरून काय समजायचं ते तू समज. सातवीपर्यंत शाळेत गेला आहेस.

जाता जाता एक. सासूला मांस पोचवायचं असतं, हे तुला शाळेत शिकवलं नसेल, पण घरी तर शिकवलं होतं. मागची कांगारूची शेपटी तू नाताळात पाठवलीस, तीही दुकानातली, बर्फासारखी कडक. ती बिचारी तुझ्याबद्दल बोलू शकत नाही, म्हणून तिच्या वाटचं मी बोलते.

खात जा. राग धरू नको, धरलास तरी पत्र लिही.

मर्टलआत्या


ब्लडवुड बोअर,
रविवार, ९ जून, दुपारी २ वाजून २० मिनिटं. धुतलेला ब्रश तिसऱ्यांदा धुतो आहे.

ती. मर्टलआत्यास, शि. सा. न. वि. वि.

आत्या, मी कामातून गेलो.

शुक्रवारी तुझं पत्र आलं. बायका सहाच, त्याही त्यांनी दोनदा सांगितल्या. मग मी असा विचार केला की सातवी खूण चुकून पडली असणार. बारीक रेघ म्हणजे ब्रश निसटला, पांढरा चौकोन म्हणजे रंग करून बघितला. त्यांना आपली चूक जावयाला कळवायची लाज वाटली, म्हणून पांघरूण. सगळं जुळत होतं. दाखल्यात सहा आणि चित्रात सात, हॅलोरनसाहेब भिंगातून मोजणार. म्हणून काल मी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि त्या खुणेवर ठिपके द्यायला बसलो. सगळी खूण झाकायला चाळीस लागले असते.

पहिला दिला. दुसरा दिला. तिसरा देताना लेटिशा चहा घेऊन आली. काय चाललंय, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, चूक सुधारतोय. कुणाची, असं तिनं विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आधीच तिला कॅनव्हास दिसला. तिनं चहा उंबऱ्याबाहेर ठेवला आणि मावशीकडे निघून गेली. अजून तिकडेच आहे. चहा कुत्र्यानं प्यायला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की त्या ज्या कॅनव्हासवर महिनाभर बसल्या, त्यावर मी हात घातला. त्यांच्या ताटात घातल्यासारखाच. मी त्यांच्या वाटेवर कधी पाऊल टाकत नाही. आणि आता हे.

शिवाय दाखल्यावर छापील वाक्य आहे, की सर्व ठिपके चित्रकर्तीच्या हातचे. एका वितीच्या चौकोनात दोनशे चाळीस, त्यावरून हिशेब केला तर सगळ्या चित्रात बावन्न हजारांच्या आसपास होतात. त्यात तीन म्हणजे काय, असं मनाला समजावतो, पण मनही सातवीपर्यंतच शिकलेलं आहे. हॅलोरनसाहेबांना मी खरं सांगणार. मग गाडीवर पाणी सोडावं लागेल. त्यांच्या दोन दिवसांच्या घरावर मी तीन ठिपके ठेवले आत्या.

त्यांना सांगायचं असेल तर मशीन बंद झाल्यावर सांग.

अजूनही आपला म्हणशील तर,
डेरिक


अॅलिस स्प्रिंग्ज,
गुरुवार, १३ जून

चि. डेरिकास अ. उ. आ.

अरे माठा, सातवा तू आहेस.

बायका सहाच. तू बाई आहेस का? ती बारीक रेघ म्हणजे तुझी पेन्सिल. पांढरा चौकोन म्हणजे तुझी नोंदवही. सगळ्यांकडे पाठ करून या गावात कोण बसतं, तिची पोरगी ज्याच्या घरी आहे तोच की नाही? पांघरुणावरून तुला कळायला हवं होतं. आमचं चुकलं. पोरगा हुशार आहे म्हणून आम्ही सगळीकडे सांगत सुटलो.

मशीन बंद व्हायची वाट मी पाहिली नाही, काल चालू असतानाच वाचलं. तीन ठिपक्यांपाशी पांघरूण हलायचं थांबलं. मला वाटलं, गेली. नर्सलाही वाटलं. मग आतून मशीनला निरोप गेला तो लिहिते. पुसू नको म्हणावं. कोपऱ्यातला तो माणूस एवढी वर्षं रिकाम्या हातानं बसला होता, आता त्याच्याजवळ तीन शेपट्या झाल्या. आता त्यानं त्या आणाव्यात. ताज्या.

मी विचारलं, त्याच्याकडे कधी बघितलं नाहीस, मग डावा खांदा वर करून बसतो हे कसं काढलंस? तर मशीनला म्हणाली, पाठ पाहायला कुणी मनाई केली आहे?

आता साहेबाला जे खरं आहे ते सांग, आणि सरळ उभा राहून सांग.

लेटिशाला घरी बोलव. माझा तुझ्यावर जीव आहे, अकलेवर नाही.

मर्टलआत्या


ब्लडवुड बोअर,
शनिवार, २९ जून, दुपारी ४ वाजून ५ मिनिटं. नदीच्या कोरड्या पात्रात उलट्या डब्यावर बसलो आहे.

ती. मर्टलआत्यास, शि. सा. न. वि. वि.

हे पत्र विमानानं नाही, लेटिशाच्या हाती, पन्नास पावलांवर पाठवतो आहे. तुम्ही दोघी टोयोटातून उतरलात तेव्हा मी चित्रकेंद्राच्या मागच्या दारानं बाहेर पडलो, म्हणून नमस्कार राहिला. यापुढे दर शनिवारी दुकानातही मागच्याच दारानं जायचं, हे ठरवून टाकलं आहे.

त्या शुक्रवारचं सविस्तर सांगायचं राहिलं होतं. विमानातून हॅलोरनसाहेब उतरले ते टपालाची पिशवी हातात घेऊनच, कारण वैमानिकानं ती त्यांच्याकडे दिली होती. मी म्हटलं, साहेब, तीन ठिपके माझे आहेत. ते म्हणाले, आपण कोण? तेवढ्यात पिशवीत तुझं पत्र दिसलं. साहेबांना उन्हात उभं करून मी ते आधी वाचलं, पुन्हा एकदा त्यांच्यासाठी मोठ्यानं वाचलं, आणि मग दाखला नव्यानं लिहिला. शेकोटीभोवती सहा बायका. कोपऱ्यात जावई. जावयाजवळचे तीन ठिपके जावयाच्या हातचे, चित्रकर्तीच्या संमतीनं. बाकी सर्व तिच्या हातचे.

साहेबांनी पाव तास भिंग लावून तो कोपरा पाहिला. मग मला म्हणाले, जरा पाठ करून उभे राहा. मी राहिलो. ते एकदा माझ्या डाव्या खांद्याकडे आणि एकदा चित्राकडे बघत असावेत, कारण मागे त्यांचे बूट एकदा इकडे, एकदा तिकडे वळल्याचं ऐकू येत होतं. मग म्हणाले, चहा चालेल.

पैसे त्यांनी पुरे दिले. तुझं पत्रही दाखल्यासोबत हवं म्हणून फार मागे लागले, पत्राचे वेगळे पैसे देतो म्हणाले. मी त्यांना सुवाच्य अक्षरात नक्कल करून दिली. अस्सल माझ्याकडे आहे.

इथून मागे वळून बघता येत नाही, त्यामुळे शेकोटीभोवती कोण कोण आहे ते मोजता आलं नाही. पण हसणं मोजलं. सहा जणी आहात. सहावी पांघरुणात हसते.

माझ्याकडे पाठ नाही ना केलीस, तेवढं कळव.

तुझा,
डेरिक

ता. क. हिशेब: चित्रापैकी त्यांच्या वाटचे १४,४०० डॉलर. गाडी १४,०००. डिझेल ११०. शिल्लक २९०, लेटिशाकडे. माझा खर्च: दाखल्याचे कागद, दोन वाया, ४ डॉलर. काडतुसं ३८ डॉलर; गोळ्या अकरा, कांगारू एक. देणं: शेपट्या तीन. पैकी ताजी एक या पत्राबरोबर. बाकी दोन.