गाय खाणार नाही असं घर

ती. बाबा,
तुमच्या धाकटीचा मातीने माखलेल्या हातांनी नमस्कार.

मी इथे बांधकामावर मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, आईला सांगा.

पेंढ्याचं घर गाय खाईल म्हणून तुम्ही हसला होतात. आता पेंढ्याचे गठ्ठे रचून केलेल्या भिंतींवर दोन्हीकडून मातीचा जाड गिलावा चढलाय. गाय सोडा, उंदरालाही वाव नाही. घट्ट दाबलेला पेंढा सहज पेटतही नाही.

सुरुवातीला फजिती झाली. गवंड्याची लेक ना मी, गिलाव्याआधी सवयीने भिंतीवर पाणी मारलं. मुकादमबाई धावत आल्या. "अगं, ही वीट नाही, पेंढा कुजेल." भिजलेले गठ्ठे काढून बदलावे लागले.

भर दुपारीही आत पंखा लागत नाही. तिथे बसलं की आपला तापलेला पत्रा आठवतो. तुमची धाप कमी आहे का? अजून ओला टॉवेल डोक्यावर घेऊनच दुपार काढता? जन्मभर लोकांच्या भिंती बांधल्यात तुम्ही.

मी आले की मागच्या जागेत तुमच्यासाठी अशी एक खोली उभारू. गठ्ठे मी रचीन, भिंत सरळ ठेवायला ओळंबा तुम्ही धरा. पाण्याची बादली तेवढी तुमच्यापासून लपवून ठेवीन.

तब्येतीला जपा.
तुमची धाकटी