तुळेचं भविष्य

मोहिनी,

तुझ्या बापाच्या मोटारसायकलला वडवणीजवळ ट्रकनं उडवलं. तो शुद्धीवर नाही. तुझी आई पुढं गेली, मीही बीडला दवाखान्यात निघाले आहे.

आजोबा उठले की चहा दे आणि पेपरातलं कुंभेचं भविष्य वाच. वाईट असलं तर दुसऱ्या राशीचं चांगलं वाच. त्यांची नजर गेल्यापासून अकरा वर्षं मी तेच करते.

सकाळी निघताना तुझ्या बापानं, रामेश्वरनंही विचारलं, "आय, तूळ काय म्हणतीय? जाऊ का ऱ्हाऊ?" छापलं होतं, 'प्रवास टाळा.' माझ्या तोंडून सवयीनं सिंहेचं गेलं, 'प्रवास सुखाचा.' "तुझा पेपर लई गुणाचा हाय," म्हणत हसत गेला.

आजोबा त्याची तूळही विचारतील. सिंहेचंच वाच. आवाज हलू देऊ नकोस.

आजी