दुरुस्त केले

६ फेब्रुवारी

लिफ्ट बंद! दारासमोर आडवी खुर्ची, खुर्चीवर कुंडी, कुंडीत नुसती माती. म्हणजे आजची बंद नाही, कित्येक वर्षांची.

तिसरा मजला मीच मागून घेतला. काउंटरवरचा मॅनेजर म्हणाला, ताई, पहिल्यावर खोली रिकामी आहे, गुडघ्यांना त्रास कशाला. मी म्हटलं, तिसराच हवा. त्याने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं — तुम्हीच लिहा. मी मुद्दाम ठळक अक्षरांत आडनाव लिहिलं. ह्यांचं आडनाव. गेल्या एप्रिलमध्ये ह्याच रजिस्टरात ह्यांनी लिहिलं असेल तसंच. त्याने नजर टाकली, मान हलवली, किल्ली दिली. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. निर्लज्ज!

बॅग त्यानेच वर आणली. मला भिंतीच्या बाजूने चढायला लावलं, स्वतः कठड्याच्या बाजूने. सगळं हॉटेल जुनाट, जिन्याचा कठडा तेवढा कोरा, चकचकीत.

इथून खाली पडले हे. तळमजल्याच्या फरशीवर. मी वरून वाकून पाहिलं. फरशी पुसलेली होती.

७ फेब्रुवारी

ही खोली! गादीला मधोमध असा खड्डा की कूस बदलायची तर चढ चढावा लागतो. पडद्याला कड्या नाहीत, कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेत. टॉवेल डोळ्यांसमोर धरला तर पलीकडचं कपाट दिसतं. नळ गळतो. भिंतीला ओल आलीय, तिच्यावर कुणीतरी कॅलेंडर टांगून ठेवलंय, तेही चार वर्षांपूर्वीचं.

ह्यांनी फोनवर कधी कुरकुर केली नाही. शिवणयंत्रं दुरुस्त करायला वर्षातून दोनदा कापडाच्या कारखान्यात यायचे, उतरायचे इथेच. खोली कशी आहे विचारलं की म्हणायचे, छत आहे, पुरे.

सकाळी ह्यांच्या मृत्यूच्या चौकशीचा अहवाल परत वाचला. आता पाठ झालाय तरी वाचते. "मयत मद्यधुंद अवस्थेत तोल जाऊन पडले." सांगणारा कोण? हाच मॅनेजर. ज्या माणसाने खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन परत ठेवलं, तो मद्यधुंद!

आणि त्याखाली — "मयताने कठड्याबद्दल केलेली तक्रार मॅनेजरला वाचून दाखवली असता, तिच्याखालील 'दुरुस्त केले' हा शेरा व सही आपलीच असल्याचे त्याने सांगितले. सबब कठड्यात दोष नव्हता."

म्हणजे तक्रारही ह्यांचीच आणि दोषीही हेच.

जाऊबाई तेराव्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या होत्या, परगावी पुरुषमाणसाचं काय सांगता येतं. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. तो एक शब्द त्या कागदावरून खोडून हवा. आणि ज्याने तो तोंडातून काढला त्याची जीभ लुळी पडलेली बघायची आहे.

फेरचौकशीचा अर्ज मंजूर झालाय. आज तारीख होती. साहेब रजेवर. पुढची तारीख मार्चमध्ये.

८ फेब्रुवारी

तक्रारवही काउंटरला सुतळीने बांधलेली आहे. चौकशीवाल्यांनी पानाची प्रत काढून वही परत दिली. लोक तिच्यावर चहाचे कप ठेवतात. मी बाकावर बसून पहिल्या पानापासून वाचली. मॅनेजर म्हणाला, ताईंना वाचायची फार आवड दिसते. मी म्हटलं, हो, उशिरा लागली.

ह्यांचं अक्षर. टपोरं, उजवीकडे झुकलेलं.

"तिसऱ्या मजल्यावरील जिन्याचा कठडा हलतो. खालचे दोन स्क्रू निघालेले आहेत. कृपया आजच बसवावेत. कोणीतरी पडेल."

खाली: दुरुस्त केले. सही.

ह्यांच्या पिशवीत सात पेचकस होते. स्वतःच का नाही बसवले? मला माहीत आहे, का ते. दुसऱ्या दिवशी येऊन वही उघडली असणार, शेरा वाचला असणार. लिहिलेल्यावर विश्वास ठेवणारा माणूस. मग निर्धास्त हात टेकला.

पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक तक्रारीखाली तेच दोन शब्द, तीच सही. मी लिहिलं — नळ गळतो. अर्ध्या तासाने खाली शेरा. वर जाऊन पाहिलं. टप. टप. टप.

आजपासून त्याचं नाव दुरुस्तराव.

१९ मार्च

परत तीच खोली. नळ गळतोच आहे. आता पंखाही सुरू करताना कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज करतो.

प्रवासात एक विचार आला होता, तो अमलात आणला. वहीत लिहिलं — खोलीतल्या बाथटबला भोक पडलं आहे. खोलीत बाथटब नाही! बादली आहे, तिलाही कान नाही.

संध्याकाळी पाहिलं. दुरुस्त केले. सही.

गालातल्या गालात हसले. ह्यांच्यानंतर पहिल्यांदाच.

२० मार्च

— जेवणघरातला पियानो बेसूर वाजतो. (जेवणघरच नाही.)

— गच्चीवरच्या पोहण्याच्या तलावात बेडूक आहेत. (गच्चीवर टाकी आहे, तिला झाकण नाही. बेडूक असतीलही.)

दोन्ही दुरुस्त झाले. वा रे दुरुस्तराव! ही पानं साहेबांसमोर ठेवली की याच्या शेऱ्याची किंमत काय उरते? तारीख मात्र पुन्हा पुढे ढकलली. ढकला. मला घाई नाही. मी आणखी पानं भरते.

२१ मार्च

झाडलोट करणारी मावशी खोलीत आली. मी दार लावून घेतलं आणि मी कोण ते तिला सांगितलं. ती पलंगाच्या काठावर बसलीच. तिच्याकडून जे कळलं ते असं — कठडा कधी दुरुस्त झालाच नव्हता. हे पडले त्याच दुपारी सुतार येऊन नवा बसवून गेला. दारूचा म्हणून जो वास सांगितला गेला तो तिच्या फिनाईलचा; हे पडले तेव्हा तिची बादली सांडली. आणि मालकाने फोनवर सांगितलं, प्यायला होता म्हणून सांगा. मालकाला इथे कुणी कधी पाहिलेलं नाही. दुरुस्तरावाने तसं सांगितलं.

मी म्हटलं, हे सगळं साहेबांसमोर सांगाल का. ती फडक्याशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "बाई, तुम्ही तारखेला येता आणि जाता. मला उद्या याच जिन्याने वर यायचंय."

तिच्यावर राग धरता येईना. राग सगळा एकाच ठिकाणी लागतो, वाटून कमी करायचा नाही.

२ जून

दोन महिने घरी. लेक फोनवर म्हणते, आई, आता सोड ना, बाबा परत येणार आहेत का. तिला काय सांगू? मला बाबा परत नकोतच, मिळणार नाहीत हे कळतं मला. पण कागदावर जो दारुडा माझा नवरा म्हणून बसलाय, त्याच्याबरोबर मी उरलेलं आयुष्य काढणार नाही.

आज परत इथे. बल्ब गेलेला. दुरुस्तरावाने दुसऱ्या खोलीतला काढून आणून लावला. जाताना विचारलं, ताई, तब्येत बरी आहे ना, उतरल्यासारख्या दिसता. मेल्याचा चांगुलपणा! अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

३ जून

आज जे झालं ते नीट लिहिते.

सकाळी काउंटरशी गेले. तो समोर उभा. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मनात काय आलं कोण जाणे, पण संयम सुटला. त्याच्या डोळ्यांदेखत वही ओढली आणि लिहिलं —

"काउंटरवरचा माणूस खोटारडा आहे. याच्या खोट्या शेऱ्याने माझा नवरा मेला. याचं वाटोळं होवो."

आणि वही त्याच्यापुढे फिरवली. वाटलं, आता होऊन जाऊ दे काय ते.

त्याने वही जवळ घेतली. ओळींवरून डोळे फिरवले. घाई न करता, जितका वेळ लागावा तितका वेळ. मान हलवली. म्हणाला, "समजलं ताई. करून घेतो." खिशातलं पेन काढलं आणि खाली लिहिलं — दुरुस्त केले. सही.

मी वर आले ती खड्ड्याच्या गादीवर बसून राहिले.

त्याला वाचता येत नाही.

३ जून, दुपार

कसं नाही कळलं मला! दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर नवल नव्हतं, पण मला? रजिस्टर फिरवून "तुम्हीच लिहा." आडनाव बघून कोरा चेहरा. आणि ती ओळींवर डोळे फिरवायची तऱ्हा — आधी सावकाश, मग जरा भरभर, शेवटी मान. तीच मी चौदा वर्षं केली. लग्नानंतर दोन वर्षं ह्यांनासुद्धा पत्ता लागू दिला नाही. डोळे दुखतात, हात पिठाचे आहेत, तुम्हीच वाचा ना, तुमचा आवाज छान. लेक शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या पुस्तकांतून, दुकानांच्या पाट्यांवरून, पुडीच्या कागदांवरून एकेक अक्षर गोळा केलं. वाचता येत नव्हतं तेव्हा एकदा कानावर पडलेलं विसरत नसे. पत्रं, हिशोब, औषधांची नावं. ते करावंच लागतं, नाहीतर पकडले जातो.

मावशीला विचारलं. ती म्हणाली, सामान उचलायला आला होता तो. जुना मॅनेजर अचानक सोडून गेला, मालकाने फोनवरून सांगितलं, तूच बस. जुन्याने जाताना एवढं एक वाक्य आणि सही गिरवून घेतली होती म्हणे — कुणी वहीत काही लिहिलं की खाली हे लिहायचं, तपासणीवाले खूश असतात.

म्हणजे ह्यांची तक्रार त्याला कळलीच नव्हती. कुणी वाचून दाखवली असती तर—

नाही. हे वाक्य पुरं करायचं नाही.

विचारायला काय झालं होतं? मावशीला विचारता आलं असतं. रस्त्यावरच्या कुणालाही. लाज वाटली. त्याची लाज वाचली, माझा माणूस गेला. आणि पुढे ते प्यायल्याचं? त्याला काय अक्षरं लागत होती?

४ जून

लेक लहान होती तेव्हा शाळेत बाईंनी सगळ्या आयांसमोर माझ्या हातात एक कागद दिला होता. जरा मोठ्याने वाचता का, म्हणाल्या. सहज म्हणाल्या. त्यानंतरचं मला फक्त एवढं आठवतं की कागदाची कडा माझ्या अंगठ्यात रुतली होती. घरी येऊन मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. वाटत होतं, जमीन नुसती दुभंगून भागणार नाही, मागे काही खूणही राहायला नको.

म्हणून मला अचूक माहीत आहे काय करायचं ते.

आज अर्जाला पुरवणी जोडली. स्वतःच्या हाताने लिहिली, एकदाही खोडाखोड नाही. मूळ वही सुनावणीत आणावी आणि ३ जूनचं पान मॅनेजरकडून सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून घ्यावं. कारकून म्हणाला, बाई, अशी मागणी कुणी करत नाही. मी म्हटलं, मी करते.

स्वतःच्या वाटोळ्याचं पान, स्वतःच्या तोंडाने. आणि ते वाचताच येणार नाही. जिभेला दुसरी शिक्षा कसली हवी!

५ जून

निघाले. जिना उतरताना त्याने परत बॅग घेतली. मी परत भिंतीच्या बाजूने. खाली पोचल्यावर त्याने विचारलं, परत कधी येणार. मी तारीख सांगितली. तो म्हणाला, अरे वा, त्या दिवशी मलाही सरकारी कचेरीत बोलावलंय.

मी बॅग घेतली आणि चालू लागले.

२० जुलै

ह्या वेळी दुसऱ्या हॉटेलात उतरले, खालच्या मजल्यावर. इथे लिफ्ट चालते, नळ बंद होतो, गादी सपाट. झोप नाही लागली. उद्या अकरा वाजता. इस्त्रीची साडी काढून ठेवली आहे.

२१ जुलै

साहेबांनी ३ जूनचं पान उघडून वही त्याच्या हातात दिली. वाचा, म्हणाले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कोण ते त्याला दहाच मिनिटांपूर्वी कळलं होतं. मग वही दोन्ही हातांत घट्ट धरली आणि न अडखळता म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावरील जिन्याचा कठडा हलतो. खालचे दोन स्क्रू निघालेले आहेत. कृपया आजच बसवावेत. कोणीतरी पडेल."

ह्यांचे शब्द; चौकशीत एकदाच त्याच्या कानावर पडलेले. साहेब वहीत डोकावले. त्यांनी विचारलं, हे कुठे लिहिलंय?

मग मीच उठले आणि म्हटलं, "साहेब, त्यांनी बरोबर वाचलंय."