जिचा पास, तिची पायपीट

प्रिय कप्तान,

हे पत्र सूनबाई वाचून दाखवणार, हे गृहीत धरूनच लिहिते आहे. सूनबाई, आवाज खणखणीत ठेव, आणि सासूबाई मध्येच पुरे म्हणाल्या तरी थांबू नकोस. शाळेपासून त्या मला पुरे म्हणत आल्या आहेत आणि मी एकदाही थांबलेले नाही.

तुझा राजीनामा क्लबात पोहोचला. दोनच ओळी! डोळ्यांनी आता दिसत नाही, मुलींना निसरडीच्या हवाली करते. अगं, जिच्या हातून चेंडू साबणासारखा सुटायचा म्हणून सगळ्या शाळेने जिचं नाव निसरडी ठेवलं, तिच्या हातात तू अख्खी बास्केटबॉलची टीम दिलीस? अध्यक्षांनी लगेच शिट्टी माझ्यापुढे धरली. सोमवारपर्यंत हो की नाही ते सांगा म्हणाले. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

आधी बातम्या. हॉलचं मागचं दार पुन्हा फुगलंय, टीममधल्या आपल्या शिडीने खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. ती आणखी उंच झाली आहे, तिची आई म्हणते आता पडदे लावायला स्टूल लागत नाही. आपल्या बुटक्या मुंगीने केस कापले आणि तिची जीभ अजून लांब झाली. दोघी रोज तुझी चौकशी करतात, आणि मी रोज बरी आहे म्हणून सांगते. बरी आहेस ना गं?

तू नव्हतीस म्हणून सराव मीच घेतला, सगळा तुझ्या पद्धतीने. आधी भिंतीवर खडूने चौकोन काढून छातीपासूनचे पास, चेंडू सुटल्यावर अंगठे जमिनीकडे. मग टप्प्याचे पास, आणि टप्पा मधोमध न पाडता समोरचीच्या जवळ. शेवटी तिघींचा त्रिकोण करून दोन चेंडू एकदम. काय सुरेख दिसत होतं म्हणून सांगू! मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. रविवारी शेजारच्या क्लबाशी सामना झाला आणि निम्मे पास आमच्याच मुलींच्या हातांवर आपटून बाहेर गेले. मुंगी तर रडकुंडीला आली. सरावात जे मला सुरेख दिसलं, त्यात नेमकं काय बिघडलं होतं ते मला अजूनही सांगता येत नाही.

तुला आलं असतं. तू सरावात मुलींकडे बघायचीसच कुठे? त्यांच्याकडे पाठ करून बाकावर बसायचीस, ओल्या फडक्याने चेंडू पुसत, आणि मान न वळवता ओरडायचीस, कोपर! की मागे कुणाचं तरी कोपर बाहेर गेलेलंच असायचं. मुलींना वाटतं तुला पाठीला डोळे आहेत. खरं काय ते एकदा फडकी पिळताना तू मला सांगितलंस. चेंडू तळव्यांवर आला की थप्प वाजतो, बोटांनी झेलला की नुसता पुटपुटतो, आणि कोपर बाहेर गेलं की दोन हात मागेपुढे लागून आवाज दुहेरी येतो. मी मान डोलावली होती, पण कळलं काडीचंही नव्हतं.

सामन्यानंतरच्या सरावात मीही पाठ करून बसले. कान टवकारले. मागे धाडधाड चाललं होतं, म्हणून अंदाजाने ओरडले, कोपर! वळून बघते तर मुली पाणी पीत होत्या आणि शिपाईकाका खुर्च्या एकात एक अडकवत होते. मी खुर्च्यांना कोपर आत घ्यायला सांगितलं होतं. शिपाईकाकांनी बिचाऱ्यांनी घेतलंही! मुली हसून लोळल्या. मीही हसले, पण घरी आल्यावर तुझी फार आठवण आली. केवढी मोठी गोष्ट तू किती सहज करत होतीस, ते त्या खुर्च्यांनी मला शिकवलं.

आणि एक आठवलं. शाळेत माझ्या हातून पहिल्यांदा चेंडू सुटला तेव्हा वरच्या वर्गातल्या मुली फिदीफिदी हसल्या होत्या. मी तो आणायला निघाले, तर तू मला अडवलंस आणि स्वतः धावत गेलीस, थेट सायकलींच्या रांगेपर्यंत. परत येऊन सगळ्यांसमोर म्हणालीस, तिचं लक्ष नव्हतं, मी उगाच टाकला, चूक माझी. तोपर्यंत माझ्या वतीने चूक माझी म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. पुढे तू तोच टीमचा नियम केलास. हुकलेला चेंडू झेलणारीने आणायचा नाही, टाकणारीने आणायचा. जिचा पास, तिची पायपीट. मी खेळात कधी चमकले नाही, तरी आजवर हा हॉल सोडला नाही तो त्या एका धावण्यामुळे.

सूनबाई, आता जरा मोठ्याने वाच. कप्तान, तुझ्या डोळ्यांचं ऐकून मी दोन दिवस रडले आणि आता रडून झालं आहे. तू टीम माझ्याकडे टाकलीस तेव्हा माझं लक्ष नव्हतं. मी हातसुद्धा पुढे केले नव्हते. चेंडू जमिनीवर पडला आहे, मी तो उचलणार नाही आणि अध्यक्षांना तसं सांगून आले आहे. नियम तुझाच आहे. सोमवारी संध्याकाळी मी गाडी घेऊन तुझ्या दारात येते. सूनबाई, सासूबाईंच्या बुटांच्या नाड्या पक्क्या बांधून ठेव. कप्तान, तुझा बाक पुसलाय, फडकं भिजवून ठेवते. मुलींना एवढंच सांगितलंय की कप्तान येणार आणि नेहमीसारखी पाठ करून बसणार. तुझा चेंडू आहे गं, न्यायला तुलाच यायला हवं.

हात अजून खाली ठेवलेली, तुझीच,
निसरडी