कंट्रोलरची वायर

मंगळवार, संध्याकाळ. करडी.



जुन्या फ्रीजमध्ये मी जांभळाची वाईन लावली होती. फ्रीज चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरची, तापमान मोजणारी वायर बरणीला चिकटवलेली. बरणी तापली की फ्रीज सुरू व्हायचा. माझ्या धाकट्या भावाने, सुरेशने, तलावातल्या मासोळ्या बर्फाच्या डब्यात घालून शेजारी ठेवल्या आणि वायरचं टोक काढून त्या बर्फात खुपसलं. फ्रीजला वाटलं, सगळं गार आहे. तो सुरूच झाला नाही. दुपारच्या उकाड्यात वाईन फसफसली आणि बरणी फुटली. सगळीकडे काचा, जांभळा फेस. मासोळ्या मात्र ताज्या!

"काहून काढली वायर?"

"मले वाटलं वायरच गार करते, दादा. मासोळी खराब होऊन राहिली होती."

आणि हसला. घाबरून हसला असेल. मी तोंडावर ठोसा हाणला. मग तीच वायर उपटली आणि त्याच्या गळ्याभोवती आवळली. बायकोने माझ्या पाठीत परात घातली तेव्हा सोडली. तिने घातली नसती तर? मी थांबणार होतो का? नाही. खोटं कशाला लिहू.

आता मोबाईलवर नवा कंट्रोलर बघत बसलोय. साधा घ्यावा की अलार्मवाला?

एवढ्यात सुरेश दाराशी आला. गळ्यावर वायरचा लाल वळ, आवाज घोगरा.

"दादा, आता घेशीन तं लांब वायरचा घेजो. बरनीलेही पुरन, मासोळीलेही."

ती वायर कशासाठी असते, हे मी त्याला अजूनही सांगितलेलं नाही.