मालकांचा नवा रॉड

शुक्रवार, संध्याकाळ

आज मालकांना हूरा भागातल्या मासेमारीच्या दुकानात नेलं. मी त्यांच्या वर्कशॉपचा ड्रायव्हर, पण गुहागरचा म्हणून माशांचं सगळं मलाच विचारतात. म्हणाले, "ट्राउट के लिए रॉड चाहिए. सस्ता वाला." मी सवयीने समुद्रातला मोठा हामूर मासा ओढणारा जाडजूड रॉड उचलला. दुकानदार हसला. ट्राउट थंड नदीतला मासा. त्याला काडीसारखा लवचिक रॉड, दोरीच्या टोकाला पिसांची खोटी माशी. स्वस्तात एक मिळाला. त्याचे चार तुकडे होतात, बॅगेत मावतो.

पण बहारीनमध्ये नदी कुठाय? आणि मालक स्वस्त कधीपासून मागायला लागले?

गाडीत विचारलं, "अरबाब, ट्राउट किधर मिलेगा?"

"बेटे के पास." मुलगा कॅनडात.

घरी उतरल्यावर त्यांनी आपला समुद्रातला रॉड आणून माझ्या हातात दिला. दर शुक्रवारचा. त्याला कुणाला हात लावू देत नसत. "तू रख. मेरा खलास."

बॅगेत मावतो, हेच डोक्यात फिरतंय. आम्हा सगळ्यांचे व्हिसा त्यांच्याच नावावर. ते गेले की तेही खलास.

रॉड खोलीत भिंतीला टेकवलाय. वर्कशॉपची पोरं म्हणतायत, मालक खूश दिसतो तुझ्यावर. मी हो म्हणालो.